बाटलीवाल्या बाईंची रांग

तुम्ही रोज जे पाणी पिता, ते कधी कुणाकडून तपासून घेतलंय का? राग मानू नका, हा प्रश्न माझा नाही; बाटलीवाल्या बाईंचा आहे. त्या तो ऑटोवाल्याला विचारत, समारंभाला आलेल्या पाहुण्यांना विचारत, लग्नाच्या पंगतीत पेल्यात पाणी ओतणाऱ्या पोरालाही सोडत नसत. समोरचा नाही म्हणाला की म्हणत, "मंग आणा नं बाटलीत भरून. कॉलेज कोणाचं आहे?"

बाई आमच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या, ठेंगण्या, साडीवर पांढरा कोट. कोटाच्या खिशांना आम्लाने भोकं पाडलेली. त्यांतून खडू आणि चाव्या गळत, आणि मागून येणारी मुलगी ते वेचत चाले. शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी असे. राग आला किंवा माया दाटली की लगेच नागपुरी.

आमचं कॉलेज एका माणसाच्या पैशातून उभं राहिलं. कन्हानच्या बाजूच्या मँगनीजच्या खाणींवर तो श्रीमंत झाला, आणि जाताना बरंचसं विद्यापीठाला देऊन गेला: इथल्या पोरांनी विज्ञान शिकावं म्हणून. सभागृहात त्याची तसबीर आहे. दरवर्षी स्मृतिदिनाला तिला हार घालायचा, भाषणं ऐकायची, चिवडा खाऊन घरी जायचं, अशी रीत होती. नवीन लागलेल्या बाईंकडे हाराचं काम आलं. त्यांनी हार आणला, घातला, आणि भाषणं सुरू झाल्यावर खाली येऊन प्रयोगशाळेची दारं सताड उघडली. फाटकाबाहेरच्या चहावाल्याला म्हणाल्या, तुझं दूध घेऊन ये, तपासून देते. झाली सुरुवात. पुढे स्मृतिदिनाची तीच रीत पडली. गावातल्या कुणीही घरचं पाणी, तूप, तिखट, हळद आणायची. आम्ही विद्यार्थी त्याच्या देखत तपासणार. रांग फाटकापर्यंत जायची.

एका वर्षी इतवारी बाजारातले एक मसाल्याचे व्यापारी हळदीची पुडी घेऊन आले. माल शेजाऱ्याचा आहे, हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं. बाईंनी हळदीच्या पाण्यात आम्ल टाकलं, नळी गुलाबी झाली. मुलं ओरडली, भेसळ! बाईंनी हात वर केला. शुद्ध हळदही आम्लात लाल-गुलाबी होते. वरून पाणी घातलं की तो रंग जातो. खोट्या रंगाचा गुलाबी मात्र जात नाही. त्यांनी पाणी ओतलं. रंग तसाच. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्या शेजाऱ्याले सांगा, पुढल्या वर्षी स्वतःच ये म्हणा." रांगेत हशा पिकला. पुढल्या वर्षी काका सर्वांत पुढे उभे होते, आणि या खेपेला माल स्वतःचा असल्याचं मोठ्याने सांगत होते.

तेव्हापासून 'पाणी घालून बघ' हे बाईंचं ब्रीद झालं. मंत्र्याचं भाषण असो, कुणाचं प्रेमप्रकरण असो, चढलेल्या रंगावर जाऊ नको. पाणी घालून काय उरतं ते बघ.

मी पत्रकांवर वाढले. उत्तर नागपुरातल्या आमच्या घरी खाटेखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. तेव्हा दुसऱ्या वर्षाला असताना स्मृतिदिनी मीही एक पत्रक काढलं: दात्याची तसबीर भिंतीवर आहे, पण त्याच्या खाणीत डोक्यावर दगडाची टोपली वाहणाऱ्या बायांची नावं कुठे आहेत? त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेत नाही. बाईंनी पत्रक प्रयोगशाळेच्या फळ्यावर डकवलं आणि मला बोलावलं.

"पाणी घालून पाह्यलं वं तुह्या कागदावर. रंग पक्का आहे. पण हा माणूस पैसा घेऊन पळाला नाही, इथे ठेवून गेला. ज्यांच्या घामाचा आहे, त्या बाया या दारातून आत काहून येत नाहीत, ते पाह्य. का नुसतं लिहूनच राहणार आहेस?"

पुढच्या वर्षी मी कन्हानजवळच्या खाणवस्तीत घरोघरी फिरले. टेम्पोत बसून बाया आल्या, प्रत्येकीच्या मांडीवर हातपंपाच्या पाण्याची बाटली. त्यांतल्या एका म्हातारीची तक्रार अशी, की सून आल्यापासून चहा काळा पडतो. बाईंनी विचारलं, हा पंप कधी बसला? मुलाच्या लग्नाच्याच वर्षी. तपासलं, तर पाण्यात लोह. चहात लोह उतरलं की तो काळवंडतो, हे बाईंनी तिथेच करून दाखवलं. म्हातारीने तो कप उचलून उजेडात धरला.

"म्हणजे माह्या सुनेचा काही दोष नाही म्हणता, जी?"

"नाही."

"मंग हे लिहून नका देऊ."

मागे उभी असलेली सून पदर तोंडात धरून हसत होती. लिहून बाईंनी दिलंच, तेही सुनेच्या हातात. संध्याकाळी नळ्या धुताना मला म्हणाल्या, आता तुझं पत्रक पूर्ण झालं.

बाई निवृत्त झाल्या. फाटकावर ओळखपत्राचं यंत्र बसलं. घरोघरी गाळणीची यंत्रं आणि पाण्याचे कॅन आले, रांग आखडत गेली. आता कॉलेजात ठरलंय: यंदा रांग लागली नाही, तर पुढच्या वर्षीपासून नुसता हार. मी तावातावाने बाईंच्या घरी गेले. म्हटलं, निषेधाचं पत्रक काढते. बाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. चिडल्या नाहीत.

"काढ नं. पण मले प्रयोगशाळेत नको बोलावू. आता मी गावातली. बाटली घेऊन रांगेत उभी राहीन."

हे तेच पत्रक आहे, आणि यात घोषणा नाही. येत्या स्मृतिदिनी सकाळी फाटक सगळ्यांसाठी उघडं असेल. ओळखपत्र मागितलं जाणार नाही, एवढं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी भांडून मिळवलंय. तुमच्या नळाचं, विहिरीचं, कॅनचं, जे रोज पिता ते पाणी एका स्वच्छ बाटलीत भरा आणि या. रांगेत पुढे एक ठेंगणी बाई उभी असेल. तिच्या मागे उभे राहा.