पर्वतीवरचा डावा बूट

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण माझ्याइतकं पळत पळत पुणं कुणी पाहिलं नसेल.

"एका रविवारी तुला पायी पुणं फिरवतो," असं दादा वर्षभर म्हणत होता. दोन महिन्यांपूर्वी तापाने गेला. त्याच्या खराडीच्या खोलीतून सामान आणलं, त्यात हिरव्या नाड्यांचे पांढरे बूट निघाले. गावाहून आई फोनवर म्हणाली, "ते घाल आन् त्याच्या वाट्याचं पुणं पाहून ये. मग बूट मला आणून दे. हरवू नको रे बापा."

माझा पाय सातचा, बूट नऊचा. पुढे वर्तमानपत्र कोंबलं आणि सकाळीच पर्वती चढलो.

देवळाबाहेर दादाची युक्ती आठवली. "एक बूट इकडे काढायचा, एक तिकडे. एकटा बूट कोण चोरतो?" तसंच केलं. आत हात जोडले आणि असं रडू फुटलं की विचारू नका! बाहेर आलो तेव्हा डोकं पार रिकामं. समोर उजवा बूट. डावा गायब!

तेवढ्यात पायऱ्या उतरणारे एक आजोबा दिसले. पायात हिरव्या नाड्यांचे पांढरे बूट!

"ओ आजोबा! थांबा!"

त्यांनी वळून पाहिलं. अनवाणी पोरगा, लाल डोळे, हातात उगारलेला बूट. तुम्ही थांबला असता का?

आजोबा सुटले! रोज पर्वती चढणारे पाय ते! सारसबाग गेली, बाजीराव रोड आला. विश्रामबागवाडा कुठल्या हाताला गेला, देव जाणे. मी आपला तापल्या रस्त्यावर टुणटुण उड्या मारत मागे.

"अहो, म्हाताऱ्या माणसाला बुटाने मारता?" एक भाजीवाल्या मावशी ओरडल्या.

"मारत नाही मावशी, बूट मागतोय!"

"हातात आहे की मेल्या!"

शेवटी शनिवारवाड्यासमोर आजोबा धापा टाकत कट्ट्यावर बसले.

"माझ्या भावाचा बूट द्या!"

आजोबांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुमच्या हातात एक. माझ्या पायात दोन. भावाला पाय किती आहेत?"

"दोन होते," मी म्हणालो. "गेला तो." आणि भर रस्त्यात पुन्हा भोकाड पसरलं.

आजोबांनी मला कट्ट्यावर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "दुसरा बूट काढला कुठे होता?"

"एक इकडे, एक ति…" आणि हातातला बूट मी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

आजोबा उठले. "चला. मी पर्वती दिवसातून एकदाच चढतो. आज आपल्या कृपेने दोनदा."

डावा बूट ठेवला होता तिथेच, चाफ्याखाली ऊन खात बसला होता!

"भाऊ हुशार हो तुमचा," आजोबा म्हणाले. "बूट चोराला सापडला नाही, धाकट्यालाही नाही."

दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

संध्याकाळी आईचा फोन. "बूट हायेत ना जवळ?"

"आहेत."

"आन् पुण्यात काय काय पाह्यलं?"

"सगळं पाहिलं गं!" मी ठोकून दिलं. तिला काय सांगू? अख्ख्या पुण्यात तिच्या पोराने नीट पाहिल्या त्या एका आजोबांच्या टाचा!