जेवल्यावर विचारू

विकासचा, म्हणजे माझ्या साडूच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी अवसरीच्या घरी बराखीत कांदा भरत होतो. "काका, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही... याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं अशी रीत आहे. मला ती पाळणं जड जातंय, कारण या साडूंच्या, सोपानरावांच्या, शेवटच्या वर्षांत जो कडवटपणा आला, त्याच्या मुळाशी अशीच एक रीत होती.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याकाठी त्यांची वाडी. जुना रस्ता पाण्याखाली गेल्यापासून बाजार, शाळा, दवाखाना सगळं पलीकडच्या काठाला, आणि जायचं ते होडीने. वाडीच्या होड्या सात. त्या लागायच्या ती कातळाची उतरती जागा म्हणजे धक्का. बायकांचं धुणं तिथंच, आणि माणूस गेला की दहाव्याचा विधीही तिथंच. सोपानरावांची होडी पत्र्याची होती. मला पाण्याची भीती वाटते. मी दोन्ही कडा घट्ट धरून बसलो की ते मुद्दाम वल्हं थांबवायचे आणि म्हणायचे, "पावणं, तुमी होडी धरलीय, पन होडीनं कुणाला धरावं?" आयुष्यभर त्यांनी मला पावणंच म्हटलं. दारात आलेला माणूस, मग तो विजेचं मीटर वाचायला आलेला का असेना, त्यांच्याकडून जेवल्याशिवाय गेला नाही. आणि त्यांचा एक नियम होता. जेवणाऱ्याला अडचणीचं काही विचारायचं नाही.

पुढे त्या धक्क्यावर पक्की जेटी बांधायचं ठरलं. आराखडा वाडीला विचारून करायचा म्हणून शहरातून माणसं येणार होती. बैठक सोपानरावांच्या अंगणात होती. मी दूध संस्थेत हिशेब पाहिलेला माणूस, म्हणून मला निरोप आला की नकाशाबिकाशा तुम्हाला कळतो, तुम्ही या.

बाजेवर नकाशा पसरला होता. बायका धुण्याचं बोलल्या, म्हातारे दहाव्याचं बोलले, आणि शहरातून आलेल्यांतल्या एक बाई सगळं टिपून घेत होत्या. त्या मनापासून ऐकत होत्या, हे मी नाकारणार नाही. मी तेवढ्यात नकाशावरच्या होड्यांच्या जागा मोजल्या. बारा भरल्या. वाडीच्या होड्या सात. मग बारांतल्या सात आमच्या ना, आणि असतील तर तसं कुठं लिहिलेलं का नाही? एवढाच माझा प्रश्न होता. तोंड उघडणार तोच आतून मासवडीची ताटं आली. अक्का, माझी मेहुणी, पहाटेपासून चुलीपुढं होती. सोपानराव माझ्या खांद्याशी वाकून म्हणाले, "पावणं, जेवू द्या त्यास्नी. जेवल्यावर इचारू."

पंगत बसली. त्या बाईंनी बिचकत विचारलं, यात मासे असतात का? सोपानराव म्हणाले, "ताई, मासा लई हुशार. पान्यातच ऱ्हायला, ताटात नाय आला." सगळे हसले आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढला. जेवणं झाल्यावर त्यांच्या साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं. शाल, नारळ, विडा झाला आणि गाडी निघाली. विचारायचं राहिलं. मी चिडलेला पाहून सोपानराव म्हणाले, "मानसं चांगली हायती. खाल्ल्या मिठाला जागतील."

जेटी झाली. बाराच्या बारा जागा पर्यटकांच्या बोटींना गेल्या. कुंपण आलं, गेट आलं, गेटवर माणूस आला. वाडीच्या होड्या कुंपणाबाहेरच्या गाळात गेल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं गुडघाभर चिखल होतो, आणि त्यातून बाळंतिणीला उचलून न्यावं लागतं. वाडीतली माणसं कचेरीत जाऊन आली. तिथं त्यांना सांगण्यात आलं की चर्चा तुमच्याच अंगणात झाली, हरकत एकानेही घेतली नाही. हे उत्तर खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मी सोपानरावांना तोंडावर म्हणालो की तुमच्या मासवडीने वाडीचा धक्का खाल्ला. आजही हे वाक्य मी मागे घेत नाही. ते म्हणाले, "घरी आल्याला ताटावर टोकायचं, तर मंग त्याला घर कशापायी म्हनायचं?"

त्यानंतरही त्यांनी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. पूर्वी वाढताना त्यांची अखंड बडबड असायची, ती मात्र थांबली.

दहाव्याला आम्ही गेटवर गेलो. आत पर्यटकांचं बुकिंग होतं. गेटवरचा माणूस नीट बोलला, वरून परवानगी आणा म्हणाला. मग विधी गाळातच झाला. गुरुजी चपला हातात घेऊन उभे होते, पिंड ठेवायला एक दगड शोधून आणावा लागला. कावळा काही शिवेना. अक्काने सांगून पाहिलं, नातवंडांचं नाव घेऊन पाहिलं. शेवटी विकास हात जोडून म्हणाला, "आबा, धक्क्याचं आमी बगतो." कावळा खाली उतरला. त्याला पटलं असेल. मला पटलं नाही.

मी मान फिरवली तर कुंपणापलीकडे, गेटच्या वर, मघाशी लक्षात न आलेला मोठा फलक दिसला. 'लोकसहभागातून साकारलेली जेटी'. त्याखाली फोटो. सोपानराव कमरेत वाकलेले, हातात रश्श्याची पळी, मासा पाण्यातच राहिल्याचं सांगून नुकतेच हसलेले. नाव कुठंच नाही. जेवणाऱ्याचा चेहरा फोटोत आलेला नाही, फक्त पुरे म्हणून ताटावर आडवा धरलेला हात आहे, आणि तरी ते वाढतायत.

जेवल्यावर विचारू, असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्या फलकावरची पंगत अजून उठलेली नाही.