ज्याचे कपडे त्यालाच

वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात हात घातला की मावशी न बघता सांगायच्या, "हा टॉमचा स्वेटर, कोपर टेकून टेकून विरलाय. हा ब्लाउज पेगीचा, तिला वरचं बटण लावलेलं चालत नाही." त्या वृद्धाश्रमात चाळीसेक माणसं राहायची, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा मोजा न् मोजा मावशींच्या ओळखीचा होता.

मी तेव्हा गॉलवेला मास्टर्स करत होते. शनिवार-रविवार बसने अर्ध्या तासावरच्या एका गावात जाऊन त्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायचे. तिथल्या प्रमुख म्हणजे साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गरम पाण्याने हात कायमचे लाल झालेल्या एक आयरिश बाई. आपल्याकडे दवाखान्यात मावशी असतात ना, अगदी तशा. आईशी फोनवर बोलताना मी त्यांना मावशीच म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ते माशी, माशी काय म्हणत असतेस गं?" मला हसूच फुटलं. म्हटलं, "माशी नाही, मावशी. म्हणजे आईची बहीण." घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. "मग मलाही तेच म्हण. इथे सगळे मला नुसतं 'लाँड्री' म्हणून हाक मारतात."

मावशींची एक रीत होती. नवीन माणूस राहायला आलं की त्या त्याची बॅग उघडायच्या आधी त्याच्यासमोर बसायच्या आणि विचारायच्या, "यातलं तुझं सगळ्यात आवडतं काय?" मग ते कपडे पहिल्या दिवशी इस्त्री करून घालायला द्यायच्या. ऑफिसने कपड्यांवर चिकटवायला खोलीच्या नंबरांच्या पट्ट्या आणल्या होत्या. मावशी त्या मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि प्रत्येकाचं नाव सुईदोऱ्याने शिवायच्या. "खोली बदलते," त्या म्हणायच्या, "नाव नाही."

मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. एका गारठलेल्या सकाळी पेगीबाई कुडकुडत होत्या, त्यांचं कार्डिगन अजून ओलं होतं. मी शेजारच्या नोराबाईंचं करडं कार्डिगन त्यांना चढवलं. मावशींनी ते पाहिलं. पेगीबाईंशी गोड बोलत त्यांनी ते काढलं, स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि मला बाहेर नेलं. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"ज्याचे कपडे त्यालाच. तासाभरापुरतेसुद्धा दुसऱ्याचे नाहीत."

"पण मावशी, त्यांना थंडी वाजत होती."

"माझ्याकडे शाल मागायची होतीस. माझी शाल मी दिली, हे तिला ठाऊक आहे. ते वेगळं."

मग त्यांनी मला इमारतीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे एक लांबलचक दगडी इमारत होती, बारक्या खिडक्यांची. मी तिला जुनं गोदाम समजत होते. "हे वर्कहाउस," मावशी म्हणाल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात घर गेलं, जमीन गेली, खायला उरलं नाही, की माणसं शेवटी इथे यायची. याच फाटकावर नाव लिहायचं, अंगावरचे कपडे काढून द्यायचे, त्यांचं गाठोडं बांधून वखारीत टाकलं जायचं. अंगावर वर्कहाउसचे जाडेभरडे कपडे यायचे. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. मधे भिंती.

"माझ्या आजीची आई सात वर्षांची असताना या फाटकातून आत आली. आई, बाप, धाकटा भाऊ, चौघं चालत. दोन वर्षांनी ती आणि तिची आई, दोघीच बाहेर पडल्या. तिला तिचा निळा फ्रॉक परत मिळाला. तो तिच्या अंगात जाईना. म्हातारी होऊन गेली गं, पण इथलं तिने आयुष्यात एवढंच सांगितलं. फ्रॉकचं. बाकी काही नाही."

पेगीबाईंचं कार्डिगन वाळलं तेव्हा ते मी दोन्ही हातांनी धरून नेलं.

त्याच हिवाळ्यात मार्टिन आणि कॅथलीन आले. गावाबाहेरचं शेतकरी जोडपं, लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झालेली. कॅथलीनला अर्धांगाचा झटका आला होता, म्हणून तिला नर्सिंगच्या भागात खाट. मार्टिन हिंडता-फिरता, म्हणून त्याला दुसऱ्या टोकाला. मुलाने गाडी फाटकाशी थांबवली, आणि मार्टिन उतरून रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर बसला तो बसलाच. मुलगा विनवत होता. नर्स समजावत होती, "एका कॉरिडॉरचं तर अंतर. जेवताना भेटालच की."

"हेच," मार्टिन म्हणाला, "हेच सांगायचे इथे माझ्या पणजोबाला."

मावशी ओले हात पुसत बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. दहा मिनिटं दोघं गुरांविषयी बोलले, मग पावसाविषयी. मग मावशी उठून मॅनेजरबाईंकडे गेल्या. मी कपड्यांची ट्रॉली घेऊन मागोमाग.

"दोघांची खोली नाहीये आपल्याकडे," मॅनेजरबाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या, थकलेल्या होत्या.

"आहे. नर्सिंगच्या भागातली माझी चादरींची खोली. मोठी आहे, बागेकडे खिडकी आहे."

"आणि चादरी?"

"मी कॉरिडॉरमध्ये घड्या घालीन."

"अहो, परवानगी लागेल, तपासणी होईल. आठवडे जातील!"

"जाऊ देत की. तोवर मीही भिंतीवर बसते."

आणि खरंच जाऊन बसल्या. लाँड्रीची मशिनं बंद. मी भिंतीवरच्या दोघांना आणि मुलाला चहा नेऊन दिला, कॅथलीनला गाडीतच. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या दोघी बाहेर येऊन भिंतीला टेकल्या, मग माळी. साडेबाराला मॅनेजरबाई कोट अडकवून स्वतः फाटकाशी आल्या आणि मार्टिनला म्हणाल्या, "मला दोन आठवडे द्या. तोवर घरी नर्स पाठवते. नंतर दोघं एकाच खोलीत. माझा शब्द."

मार्टिनने मावशींकडे पाहिलं. मावशींनी होकाराची मान डोलावली. त्याने मॅनेजरबाईंशी हात मिळवला आणि गाडीत बायकोच्या शेजारी जाऊन बसला.

दोन आठवड्यांचे तीन झाले, पण शब्द पाळला गेला. मार्टिन आणि कॅथलीन त्या खोलीत दीड वर्ष राहिले. तो रोज तिचे केस विंचरायचा, फार वाईट विंचरायचा, आणि ती आरशात बघून हसायची. मावशी कॉरिडॉरच्या वाऱ्यात घड्या घालायच्या. थंडी वाजत नाही का विचारलं की उत्तर ठरलेलं: "ग्रँड!" म्हणजे तिकडच्या बोलीत, अगदी मस्त. कॅथलीन गेली, मग मार्टिन. त्या खोलीत चादरी परत गेल्या नाहीत. तिथे पुढचं जोडपं आलं.

माझी डिग्री झाली, राजधानीच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात नोकरी लागली, पण राहायला खोली मिळेना. एका खोलीसाठी रांगेत वीस-वीस माणसं उभी असत. हे ऐकून मावशी खरोखर संतापल्या. "एवढ्या वर्षांनी अजून या देशात माणूस दार शोधत हिंडतोय!" त्यांनी त्याच शहरात, क्लोनडॉकिनला राहणाऱ्या आपल्या भाचीला फोन लावला, आणि त्या रविवारी माझी बॅग भाचीच्या माडीवर पोचली.

गेल्या वर्षी कळलं की मावशी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता त्याच वृद्धाश्रमात राहायला गेल्यात. मी धास्तावून गाडी काढली. वाटभर वाटत होतं, ज्या फाटकाची कथा त्यांनी मला सांगितली, त्यातून आत जाताना त्यांचं काय झालं असेल?

मावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, हिरव्या स्कर्टमध्ये, केस नीट. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "चालत आले. वॉकर घेऊन, पण चालत. फाटकात जरा थांबले. मग इथे कामाला लागलेली केरळची एक नवी पोरगी धावत आली आणि पहिलं काय विचारलं माहितीये? चहात दूध किती घालू."

"मग?"

"मग काय, मला रडू आलं. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, दूध संपलंय म्हणून रडतेय." मावशी डोळे पुसत हसायला लागल्या. "आमच्या घरातल्या कुणालाच इथे कुणी असं विचारलं नव्हतं गं."

एवढ्यात ती पोरगी ट्रेमध्ये दोन कप आणि दुधाचं भांडं घेऊन आली. मावशींच्या कपात नुसता रंग बदलेल इतकंच दूध होतं. माझ्या कोऱ्या चहावर दुधाचं भांडं धरून तिने विचारलं, "आणि तुम्हाला?"