पसंतीक्रमातली पहिली ओळ

बारावीचा निकाल लागला की माझ्या दारात चपला वाढतात. हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवते, एवढंच माझं काम. पण निकालापासून पुढचे दोन महिने लोकांच्या लेखी मी ज्योतिषी असते. गुणपत्रिका पुढे सरकवायची आणि विचारायचं, "म्याडम, लागंल का नंबर?" चहा संपायच्या आत मी उत्तर द्यायचं. डॉक्टरसुद्धा आधी चार तपासण्या लिहून देतो. मला मात्र एका आकड्यावरून लेकराचं पुढचं आयुष्य सांगायचं असतं.

चिडते मी, पण दार बंद करत नाही. कारण मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे एक जाडजूड वही आहे. इथल्याच नाही, दिल्लीपर्यंतच्या कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, ते मी दर वर्षी त्यात उतरवून ठेवते. वही उघडली की समोरची माणसं सावरून बसतात. तेवढं बोट फिरवण्यात एक तोरा असतो, तो मला कधी सुटला नाही.

मात्र "लागेल" हा शब्द मी सोडून दिलेला आहे. एकदा एका मुलाला बेधडक सांगून बसले आणि नाही लागला नंबर. त्याच्या वडिलांनी एसटी डेपोत, भर गर्दीत माझी अशी काही हजेरी घेतली की पुढचे आठ दिवस मी मागच्या रस्त्याने कॉलेजला जात होते. तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे. नाही म्हटलं आणि लागला, तर लोक पेढे आणतात. लागेल म्हटलं आणि नाही लागला, तर शिव्या मिळतात. म्हणून नाहीच म्हणायचं.

गेल्या वर्षी पुसेगावहून एक अंगणवाडी सेविका आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी माझीच विद्यार्थिनी. वर्गात कमी बोलायची, पण फळ्यावर माझी एखादी पायरी चुकली की हात वर. हिने नांदेडला जाऊन दिल्लीच्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली होती. संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात. आमच्याकडून तिथे कोणी गेल्याचं मला तरी माहीत नव्हतं.

"म्याडम, हिचा फॉर्म..." आई म्हणाली.

"गुण किती?" मी वही उघडलीसुद्धा होती.

मुलीने परीक्षेतले गुण सांगितले. मी बोट फिरवलं. आदल्या वर्षीच्या शेवटच्या आकड्यापेक्षा ती किंचित मागे होती, अगदी थोडी. "नाही लागणार," मी म्हटलं. मुलीने तोंड उघडलं, तर मीच पुढे बोलत सुटले. दिल्लीच्याच एका टोकाला एक साधं कॉलेज होतं, तिथे हे गुण भरपूर होते. पसंतीच्या यादीत ते पहिल्या ओळीत टाक, मोठं नाव हवंच असेल तर दुसऱ्या ओळीत राहू दे हौसेखातर.

आई लगेच म्हणाली, "तुमी म्हणता म्हंजे बराबरच आसंल." मोबाइल माझा, बोट माझं. त्या दोघींच्या समोर मी फॉर्म भरला आणि पाठवून दिला.

पक्कं मिळणारं वर लिहायचं, हे मी कुठे शिकले तेही सांगते. माझ्या वेळी फॉर्म कागदाचे असत. एमएस्सीला मी वर मोठ्या शहरातली संस्था लिहिली आणि खाली जवळची. मोठीने घेतलं नाही. जवळच्या ठिकाणच्या कारकुनाने फॉर्म बघितला आणि म्हणाला, आमचं नाव पहिलं न्हाई, मग आमी काहून घ्यावं? एक वर्ष मी घरी बसले. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांची अशीच काहीतरी कथा आहे. त्यामुळे आम्ही सगळेच पोरांना सांगत आलो, पहिलं नाव पक्क्याचं टाका, खालचं कोण वाचतं?

आता कारकून नाही. आता संगणक बघतो, आणि तो खालपर्यंत सगळं वाचतो. वरून सुरुवात करतो, जिथे गुण पुरतात तिथे थांबतो. म्हणजे मोठं कॉलेज वर असतं आणि गुण पुरले नसते, तरी दुसऱ्या ओळीतलं साधं कॉलेज तिला मिळालंच असतं. वर लिहिण्यात काडीचा धोका नव्हता. हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. मला काय गरज? माझ्याकडे वही होती ना!

पहिली यादी लागली. मुलीला पहिल्या ओळीतलं साधं कॉलेज मिळालं. "दिल्ली" हा शब्द ऐकून स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मी ते घेतलंही. मग वहीत उतरवायला म्हणून मी मोठ्या कॉलेजचा नवा आकडा शोधला. तो त्या वर्षी खाली आला होता. मुलीचे गुण त्याच्या वर होते.

मी तीनदा ताडून पाहिलं. मग पहिल्यांदा ते माहितीपत्रक उघडलं आणि एखादी फट सापडते का म्हणून शेवटपर्यंत वाचलं. पुढच्या फेरीत बदल मिळतो, पण मिळालेल्या कॉलेजच्या वर लिहिलेल्या नावांतच. पहिल्या ओळीच्या वर काय असणार? मदत क्रमांकावर फोन लावला. हिंदीत बोलणाऱ्या त्या माणसाने शांतपणे तोच नियम वाचून दाखवला. मी त्याच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?

दोन दिवसांनी मायलेकी पेढे घेऊन आल्या. गप्प राहिले असते तर आईला कधी कळलंही नसतं. पण मला ते पेढे तोंडात घालवेनात. मी सांगून टाकलं. वर काय लिहायला हवं होतं, मी काय लिहिलं, आणि आता ते का बदलत नाही. "चूक माझी आहे ताई," मी म्हटलं.

आईने पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "जाऊ द्या म्याडम. दिल्ली ते दिल्लीच हाय. तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःवरचा राग घेऊन मी मुलीकडे वळले. आजही मला त्याची लाज वाटते. "अगं, तू तरी त्या दिवशी बोलायचंस! हट्ट करायचा, मला हेच वर पाहिजे म्हणायचं!"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही.

"म्याडम, मी घरी ते पत्रक पुरं वाचलं व्हतं. कागदावर यादी लावून आणली व्हती, मोठं कॉलेज वर, हे खाली. कागद माझ्या हातातच व्हता. तुमी पाह्यलाच न्हाई. नंबर लागंल का, हे आमी इचारायला आलोच नव्हतो. गावात रेंज येत न्हाई, म्हणून फॉर्म भरायला तुमच्याकडं आलो व्हतो."