धुळीतला श्री

अमरावतीच्या कापूस बाजारात आमच्या गाड्या खोळंबल्या होत्या. पुढच्या गाडीवाल्याने आपल्या गाडीमागे बसल्या बसल्या धुळीत बोटाने ‘श्री’ काढला, त्याला नमस्कार केला आणि मगच पुसला. बाळापूरला आमचे पंतोजी धूळपाटीवर असेच करायला लावत.

“बाळापूरच्या पंतोजीच्या शाळेतले काय तुमी?” मी विचारले.

तो हसला. छडी, पाढे, साऱ्या आठवणी निघाल्या. शाळा आता कशी चालली आहे, असे मी विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

“कापसाले भाव आला, पोट्टे वेचनीले गेले. पंतोजी एकटेच श्री काढत बसत. वारले त्या दिवशीचा श्री पाटीवर तसाच होता. माह्याच्यानं पुसवला नाई.”

बोलता बोलता त्याने पुन्हा ‘श्री’ काढला. तेवढ्यात गाड्या हलल्या, तो उठून गेला. नावही विचारायचे राहिले.

श्री माझ्या चाकाच्या वाटेत होता. मी बैल बाजूने काढले.