शैलाताईंचं सीरम

फोन आला तेव्हा मी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर बघत होतो. शैलाताईंची मुलगी होती. "काका, आई नाही राहिली. सकाळी... हार्ट." मी म्हणालो, "अच्छा." फोन खिशात टाकला आणि दुकानदाराला विचारलं, "भैया, इसमें नीला है क्या?" निळा स्वेटर घेऊन घरी आलो, चहा टाकला, आणि तो उकळून आटून गेला तरी गॅस बंद केला नाही. आता महिना झाला. स्वेटर अजून पिशवीतच आहे आणि माझ्या डोक्यातला गुंता काही सुटत नाही.

शैलाताई आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. माणसाच्या रक्तात शिरून त्याला आजारी पाडणारे यीस्ट, म्हणजे बुरशीचीच एक तऱ्हा, ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी उदगीरचा. इकडे येऊन मुनिरक्याच्या खोलीत राहून तीनदा यूपीएससी दिली, तिन्ही वेळा आपटलो, आणि लॅबचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आलो. पहिल्या दिवशी माझं तोंड बघून म्हणाल्या, "अरे, कलेक्टर नाही झालास तर नाही झालास यार! हात स्थिर आहे ना? बास." डब्यात दिल्लीचा मुळ्याचा पराठा आणि त्यावर आपली शेंगदाण्याची चटणी, असा त्यांचा सगळाच कारभार होता.

लॅबमध्ये यीस्टची जात सांगणारं मशीन आलं तरी ताईंची जुनी चाचणी सुटली नाही. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम. ते नळीत घ्यायचं, त्यात कणभर यीस्ट सोडायचं आणि अंगाइतक्या उबेत दोन-अडीच तास ठेवायचं. एका जातीच्या पेशींना तेवढ्यात मटकीसारखा कोंब फुटतो, बाकीच्यांना नाही. मात्र तीन तासांच्या पुढे गेलात की दुसऱ्या जातीही तसल्याच काड्या काढतात आणि बघणारा फसतो. हे सीरम ताईंचं स्वतःचं असे. बाही वर करून माझ्यापुढे हात धरायच्या, "काढ रे. माझं रक्त, माझी खात्री." मग छोट्या कुप्या भरून फ्रीजरमध्ये, प्रत्येकीवर पट्टी: शैला.

माझी नोकरी अजून पक्की नव्हती तेव्हाची गोष्ट. एका तान्ह्या बाळाच्या रक्तात यीस्ट सापडलं. मी नळी लावली, जेवायला गेलो, तिथे जुने मुनिरक्याचे मित्र भेटले, गप्पा रंगल्या... परत आलो तेव्हा चार तास होऊन गेले होते. कोंब दिसले. मी कोंबवाल्या जातीचा रिपोर्ट दिला, आणि कागदावर वेळ मात्र दोनच तासांची लिहिली. दुसऱ्या दिवशी मशीनने वेगळी जात सांगितली. बाळाचा ताप उतरत नव्हता, कारण त्या यीस्टवर नेहमीचं औषध चालतच नव्हतं. ताईंनी मला एवढंच विचारलं, "किती वाजता बघितलंस?" मी कागदावरची वेळ बोटाने झाकली. त्या तशाच वॉर्डात पळाल्या, औषध बदललं गेलं, बाळ वाचलं. देवाची कृपा म्हणायची! परत येऊन त्यांनी चुकांचं रजिस्टर उघडलं, 'चाचणी उशिरा बघितली' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. मी म्हणालो, "ताई, पण हे..." "तू गप बस. तुला काढून टाकतील बिल्कुल."

त्यानंतर त्यांनी माझी एकही स्लाइड पुन्हा तपासली नाही. एकही नाही. तो विश्वास होता, की माझ्याकडून त्यांनी आशाच सोडली होती? विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो.

शोकसभेत आमच्या बड्या डॉक्टरांनी तेच रजिस्टर आणलं. ते पान वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अपनी गलती मानने की हिम्मत शैलाजी से सीखिए." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली! लाज वाटते सांगायला. त्या पानावर आता माझं नाव लिहावं, तर आयुष्यात एक खोटा आकडा न लिहिलेली बाई खोटी ठरते. लिहू नये, तर तिच्या नावावर माझी चूक कायमची. काय करू, कुणाला विचारू? ज्यांना विचारायचो, त्याच नाहीत. रजिस्टरला हात लावायचं धाडस झालं नाही, म्हणून निदान लॅबच्या नोटीस बोर्डासाठी हे लिहितोय. उद्या हे लॅबमध्ये वाचलं जाईल, मग जे व्हायचं ते होऊ दे.

परवा फ्रीजरमध्ये 'शैला' लिहिलेली शेवटची कुपी उरली होती. ठेवून द्यावी असं फार वाटलं... पण आयसीयूतून एक नमुना आला होता. कुपी हातात धरून वितळवली, नळी लावली आणि समोर स्टूल ओढून बसलो. जेवायला गेलो नाही. सव्वादोन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. गोल, गुळगुळीत पेशी. कोंब नव्हते. कागदावर तसं लिहिलं, खरी वेळ टाकली, सही केली. मग लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीला हाक मारली आणि बाही वर करून हात पुढे धरला.