छातीतली सुई

मास्तरांचा स्वभावच असा, की आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी आधी मागे कोण उभं आहे ते बघतील. गिऱ्हाईक कंबर चौतीस म्हणालं की हे मनात छत्तीस धरायचे, आणि टेपही छत्तीसच म्हणाली की धाकट्या भावाकडे बघून भुवई उडवायचे. दोघांचं मिळून शिवणकामाचं दुकान. कापड बेतायचं आणि कापायचं थोरल्यानं, काजं-बटणं आणि हातशिलाई धाकट्यानं.

मास्तरांच्या छातीवर, डाव्या खिशाच्या जरा वर, एक गाठ आली. वाटाण्याएवढी, टणक, न दुखणारी. काम करताना शर्टाला सुया टोचून ठेवायची त्यांची जागा नेमकी तीच. झालं, मास्तरांनी निकाल देऊन टाकला: सुईचं टोक मोडून आत गेलंय. सुई कुणाची? नुकताच धाकट्यानं त्यांच्या त्याच शर्टाचा खिसा उसवून नव्यानं लावून दिला होता. खापर फोडायला मास्तरांना एवढं पुष्कळ होतं.

"मुद्दाम ठेवलीस?"

"दादा, मी कशाला ठेवीन? राहिली असेल चुकून."

हे 'असेल' म्हणजे कबुलीच, असं धरून मास्तरांनी भावाशी बोलणं टाकलं. कात्री हवी असली की भिंतीकडे बघून "कात्री" म्हणायचे. खाली सांडलेल्या टाचण्या उचलायचं लोहचुंबक त्यांनी गाठीवर धरून पाहिलं. काहीच ओढलं गेलं नाही, तेव्हा ते लोहचुंबकावरच संशय घेऊन बसले.

मग मानेमागे दुसरी गाठ आली. "बघ, फिरतेय," ते बायकोला म्हणाले. अंगात गेलेली सुई फिरत राहते, हा शिवणाऱ्यांचा जुना समज. बायकोला मात्र वेगळाच संशय होता. खोकला हटत नव्हता, विजारी ढगळ व्हायला लागल्या होत्या, आणि विडी तर म्हणे कधीच सुटली होती. ती गुपचूप त्यांचे खिसे हुंगायची. वास येत नव्हता, म्हणून तर तिला जास्त भीती वाटायला लागली. शेवटी तिनंच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला तेव्हा मास्तर खूश झाले. आता मुद्देमाल सापडणार. एक्स-रेत सुई नव्हती, फुफ्फुसात एक पांढरा डाग होता. दुसऱ्या कुणाचा आणून दाखवताय, म्हणून त्यांनी पुन्हा काढायला लावला. डाग तिथंच होता. मग गाठीचा तुकडा तपासायला गेला.

"गाठ कातडीत आहे, पण आलीय फुफ्फुसातून," बाई म्हणाल्या. "तिथला कॅन्सर पसरला की कधीकधी असा वर दिसतो. मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी काही काळ आवरता येईल."

"सुई टोचल्यानं झाला का?"

"सुईचा काही संबंध नाही."

मास्तर घाबरले, चांगलेच घाबरले. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना भाऊच आठवत राहिला. घरी न जाता ते बायकोला घेऊन तडक दुकानात गेले.

धाकटा एक तयार पँट उजेडात धरून शिवणीवरून बोटं फिरवत होता. एकदा फिरवली, उलटी करून पुन्हा फिरवली. बाकावर दोन गिऱ्हाइकं कंटाळून बसली होती.

"सुई नव्हतीच रे," मास्तर म्हणाले, भिंतीकडे न बघता.

"मग गाठ कसली?"

"कॅन्सर आहे. फुफ्फुसातनं वर आलाय. तुझा काही दोष नाही."

धाकट्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "माझ्या मनाला लागू नये म्हणून सांगतोयस ना, दादा? माझ्या सुईनंच झालाय."

मास्तरांनी शपथ घेतली. तपासणीचा कागद पुढे केला, बायकोला साक्षीला ओढलं. भावानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पँट उलटी करून पुन्हा शिवण चाचपायला लागला.